ऑनलाइन मित्रांना भेटायला जर्मनीत: व्हिसापासून ताटापर्यंत

जर्मनीची सहल आखताना बहुतेक जण आधी शहरांची यादी करतात, तिकिटं काढतात आणि मग तिथल्या मित्राला निरोप धाडतात. मित्राला भेटणं हाच मुख्य हेतू असेल तर क्रम उलटा ठेवा: आधी मित्राच्या मोकळ्या तारखा, मग मोसम, मग शहर, शेवटी रेल्वे. जर्मन माणूस आपला वेळ कॅलेंडरात लिहून ठेवतो आणि एकदा लिहिलेलं सहसा मोडत नाही. जेवणाचंही तसंच आहे. तिथले चांगले पदार्थ प्रदेशाला, ऋतूला आणि पुष्कळदा घड्याळाला बांधलेले असतात. हे आधी जुळवून घेतलं तर दहा दिवसांत मनासारखी भेटही होते आणि मनासारखं खाणंही.

तारखा आणि मोसम

नोकरी करणारे लोक वार्षिक रजा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाकतात. त्यामुळे निदान चार महिने आधी विचारा, आणि नेमकं विचारा. ‘मे महिन्यात कधीतरी येईन’ याला उत्तर मिळणं कठीण. ‘१५ ते १७ मे हा शुक्रवार ते रविवार तू मोकळा आहेस का?’ याला लगेच मिळतं. शनिवार-रविवार मित्रांसाठी ठेवा, मधले दिवस स्वतः फिरण्यासाठी. दहा दिवसांत तीनपेक्षा जास्त मुक्काम घेऊ नका. चौथा घेतला की रोज बॅग भरणं आणि फलाट शोधणं एवढंच हाती राहतं.

मोसम खाण्यावरून निवडा. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे श्पार्गेलचा हंगाम असतो. वितळलेलं लोणी किंवा अंडं-लोण्याचा हॉलंडेझ सॉस आणि उकडलेले बटाटे यांच्याबरोबर ती खातात, आणि शाकाहारी माणसाला जर्मनीत याहून चांगला काळ नाही. फक्त सोबत हॅम येतं, ते नको म्हणून सांगावं लागतं. मे ते सप्टेंबर बिअरगार्टनचे, म्हणजे उघड्यावरच्या बिअर-बैठकांचे दिवस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांच्या प्रदेशात फेडरवायसर, म्हणजे अजून आंबत असलेली नवी वाइन मिळते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळच्या बाजारपेठा भरतात. पहिल्याच भेटीसाठी ऑक्टोबरफेस्टचा, म्हणजे म्युनिकच्या बिअर-जत्रेचा काळ मात्र टाळा. म्युनिकमधले हॉटेलांचे दर अवाच्या सवा चढतात आणि गर्दीत निवांत बोलणं होत नाही.

मित्राशी आधी काय बोलून घ्यायचं

पडद्यावरची ओळख कितीही जुनी असली तरी निघण्याआधी दोन-तीनदा व्हिडिओ कॉलवर बोला. पहिली भेट दिवसा, सार्वजनिक जागी ठेवा: स्टेशनजवळचं कॅफे, संग्रहालयाचं दार, आठवडी बाजार. पहिली एक-दोन रात्री स्वतःच्या नावावर हॉटेल किंवा होस्टेल घ्या आणि मग मित्राकडे जा. मित्राचा पत्ता आणि आपला दिवसवार बेत घरच्या कुणाकडे देऊन ठेवा. निमंत्रणपत्रासाठी कुणी पैसे मागितले, किंवा कुणासाठी बंद पार्सल आणायला सांगितलं, तर तिथेच थांबा. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा ११२.

मग घरगुती गोष्टी. झोपायला वेगळी खोली आहे की बैठकीतला सोफा? घरात कुत्रा-मांजर आहे का? सोमवारी मित्र कामावर गेल्यावर तुम्ही घरात थांबायचं की बाहेर पडायचं? हे प्रश्न आपल्याला उद्धट वाटतात, पण तिकडे ते विचारले नाहीत तरच माणूस गोंधळतो. मुक्काम दोन-तीन रात्रींचा ठेवा आणि निघण्याची तारीख आधीच कळवा. खाण्याचे निर्बंध याच वेळी, संपूर्ण आणि लेखी कळवा. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. अंडं चालतं का, मासा चालतो का, उपवासाचा वार कोणता, दारू पिता का, हे सगळं लिहा. पाहुण्यासाठी खरेदी शनिवारीच उरकावी लागते, कारण रविवारी दुकानं बंद असतात.

आणि मित्राचं खरं आडनाव विचारून घ्या. जर्मन इमारतींत बहुधा फ्लॅटला नंबर नसतो. खाली घंटांची पाटी असते आणि प्रत्येक घंटेशेजारी आडनाव. तुम्हाला फक्त गेममधलं टोपणनाव माहीत असेल तर बरोबर पत्त्यावर पोचूनही दारातच उभं राहावं लागेल. घंटेवर कुठलं नाव आहे, मजला कितवा, मागच्या अंगणातून जिना आहे का, एवढं लिहून घ्या. मजले आपल्यासारखेच मोजतात: तळमजला, मग पहिला.

व्हिसा: निमंत्रणपत्र नीट लिहून घ्या

पर्यटनासाठी किंवा मित्रभेटीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा लागतो. १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून तीन महिने आधी कामाला लागा. फी प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विम्याची रक्कम किमान ३०,००० युरो असावी आणि तो संपूर्ण शेंगेन क्षेत्राला, संपूर्ण मुक्कामाला लागू असावा.

मित्राकडे राहणार असाल तर निमंत्रणपत्र जोडा. त्यात मित्राचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन आणि व्यवसाय, तुमचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, ओळख कशी आणि केव्हापासूनची, कोणत्या रात्री त्याच्याकडे राहणार, आणि खर्च कोण करणार, हे सगळं हवं. खाली सही आणि सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. ओळख ऑनलाइन झाली असेल तर तसंच लिहा. भाषा शिकताना झालेली ओळख, गेमिंगमधली मैत्री, यात लपवण्यासारखं काही नाही. ‘नातेवाईक’ लिहिलं आणि मुलाखतीत ते नातं सांगता आलं नाही, की अर्ज अडचणीत येतो.

खर्च तुम्ही स्वतः करणार असाल तर बँकेचे तपशील, आयकर विवरण आणि कामाच्या ठिकाणचं रजेचं पत्र पुरेसं ठरतं. मित्राने तुमचा खर्च अधिकृतपणे उचलायचा असेल तर त्याला त्याच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन ‘फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचं हमीपत्र करून द्यावं लागतं. त्याची फी २९ युरो आहे, पण भार फीचा नाही. तुमच्या मुक्कामाचा, आजारपणाचा, वेळ पडल्यास परत पाठवण्याचा खर्च कायद्याने त्याच्यावर येतो, आणि त्यासाठी त्याची मिळकतही तपासली जाते. नुसत्या मैत्रीखातर हे मागू नये.

अर्ज नाकारला जाण्याचं एक साधं कारण म्हणजे तारखांचा गोंधळ. निमंत्रणात १२ तारीख, विम्यात १३, रजेच्या पत्रात १० असं नको. सगळे कागद एकाशेजारी एक ठेवून तारखा ताडून पाहा. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे प्रथम उतरणार, त्याच्याकडे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने नकारानंतरच्या फेरविचार अर्जाची सोय बंद केली आहे. आता नव्याने अर्ज करणं किंवा न्यायालयात जाणं, एवढेच मार्ग उरतात. म्हणून पहिलाच अर्ज चोख हवा.

रेल्वे

लांब पल्ल्याच्या आयसीई या जलद गाड्यांची ‘श्पारप्राइस’ म्हणजे सवलतीची तिकिटं लवकर काढली तर खूप स्वस्त पडतात. पण ती त्याच गाडीला बांधलेली असतात. ‘झुपर श्पारप्राइस’ तर रद्दही करता येत नाही. विमान उशिरा आलं म्हणून ही अट सुटत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे आणि रांगा लांबतात. विमान उतरण्याची वेळ आणि पहिली गाडी यांत निदान तीन तास ठेवा, किंवा पहिली रात्र विमानतळाच्या शहरातच काढा. उलट, रेल्वेच्याच गोंधळामुळे मुक्कामी पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर गाडीचं बंधन सुटतं आणि तुम्ही दुसरी गाडी पकडू शकता. ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि १२० मिनिटं झाला तर ५० टक्के पैसे परत मागता येतात. आसन आरक्षण वेगळं असतं. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारनंतर ते घ्याच.

‘डॉइचलांडटिकिट’ जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. शहरातल्या बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि प्रादेशिक गाड्या सगळ्या त्यात येतात. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. ते मासिक वर्गणी म्हणून मिळतं आणि दर कॅलेंडर महिन्याचा असतो. तुमची सहल २५ मे ते ४ जून असेल तर दोन महिन्यांचे पैसे पडतील. शिवाय वर्गणी महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावी लागते, नाहीतर पुढचा महिनाही आकारला जातो. चार-पाच जण मिळून एका राज्यात फिरणार असाल तर म्युनिकच्या बव्हेरिया राज्यातल्या बायर्न-टिकिटसारखं राज्याचं दिवसाचं तिकीट अधिक परवडतं. ते आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ नंतर चालतं.

पहिल्या सहलीसाठी एक चांगला पट्टा म्हणजे कोलोन, फ्रँकफर्ट, न्यूरेम्बर्ग, म्युनिक. जलद गाडीने कोलोन-फ्रँकफर्ट साधारण सव्वा तास, फ्रँकफर्ट-न्यूरेम्बर्ग सव्वादोन तास, न्यूरेम्बर्ग-म्युनिक सव्वा तास. आणि खाद्यसंस्कृती प्रत्येक थांब्यावर बदलते. चारांपैकी तीन ठिकाणी मुक्काम करा, चौथं वाटेतल्या दिवसात बघा.

बॅगेत काय न्यायचं, काय नाही

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणून तूप, पनीर, खवा, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन सुटतात. हापूस त्या यादीत नाही. मित्राला कितीही वेळा हापूसबद्दल सांगितलं असलं तरी पेटी नेऊ नका. ताजा कढीपत्ताही नको. बाकरवडी, चिवडा, चकली, गोडा मसाला, चहाचा मसाला बंद पाकिटात, घटकांची यादी दिसेल असे न्या. विमानाने येणाऱ्या प्रौढाला ४३० युरोपर्यंतच्या भेटवस्तूंवर कर नाही.

भेट म्हणून जड, महाग वस्तू नको. घेणाऱ्याला तिच्या परतफेडीचं ओझं होतं. मित्र पालकांकडे जेवायला नेणार असेल तर त्यांच्यासाठी फुलं घ्या. लाल गुलाब प्रेमासाठी आणि पांढऱ्या लिली अंत्यविधीसाठी मानतात, त्या दोन टाळा. आणि कागद काढून फुलं हातात द्या. कुणाचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात असेल तर शुभेच्छा आधी देऊ नका. ते अशुभ मानतात.

दारातून आत गेल्यावर

वेळ पाळा. दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी संदेश टाका. बूट दारात काढायचे का, ते विचारा. घरातल्या चपला सोबत असतील तर उत्तम. मित्राशी ‘डू’ म्हणजे ‘तू’, पण त्याच्या आईवडिलांशी ते सांगेपर्यंत ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ आणि आडनाव. पुण्यामुंबईत माक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना हे पाठ असतं. ऑनलाइन शिकलेल्यांना पहिल्या भेटीत इथेच अडखळायला होतं.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळतात आणि रविवार दिवसभर शांततेचाच. वॉशिंग मशीन, ड्रिल, मोठ्याने गाणी नकोत. कचरा घरागणिक तीन-चार डब्यांत विभागतात, तो कुठे टाकायचा हे पहिल्याच दिवशी दाखवून घ्या. रिकाम्या बाटल्या कचऱ्यात नाहीत. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बहुतेक बाटल्यांवर ८ सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्या इतर बाटल्यांवर १५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटमधल्या यंत्रात त्या टाकून निघालेली पावती बिलाच्या काउंटरवर द्यायची, पैसे परत मिळतात.

‘कॉफीला ये’ म्हणजे दुपारी ३-४ च्या सुमारास कॉफी आणि केक. त्यात रात्रीचं जेवण धरलेलं नसतं, सहाच्या आत निरोप घ्यावा. रात्रीचं जेवण पुष्कळ घरांत थंड असतं: पाव, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो, लोणची. त्याला आबेंडब्रोट म्हणतात. गरम काही शिजवलं नाही म्हणून पाहुणचारात कमी केली असं समजू नका. त्या टेबलावरचा पाव हाच खरा पदार्थ आहे. आंबवलेल्या राय या धान्याचा, बियांचा, अक्रोडाचा, प्रत्येकाचा एक तुकडा चाखा आणि आवडलेल्याचं नाव विचारा. रविवारी सकाळी बेकऱ्या काही तासच उघडतात. न्याहारीचे ताजे पाव आणायला मित्राबरोबर तुम्हीही जा.

कुठे काय खायचं

कोलोनमध्ये क्योल्श ही फिकट बिअर ०.२ लिटरच्या उभ्या ग्लासात देतात. ग्लास संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर रेघ मारतो. थांबवायचं असेल तर तो पुठ्ठा ग्लासावर झाका. नुसतं ‘बास’ म्हणून चालत नाही. तिथेच ‘हाल्वे हान’ मागवा. नावात कोंबडा असला तरी तो राय धान्याचा पाव, जाड गौडा चीज, मोहरीचा सॉस आणि कांदा असतो. रायबेकूखन म्हणजे किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत तळलेले वडे, सफरचंदाच्या गोड गराबरोबर खातात. त्यात बहुधा अंडं असतं. ‘हिमेल उन एड’ मध्ये सफरचंद-बटाट्याबरोबर रक्ताची सॉसेज असते, ते माहीत असू द्या.

फ्रँकफर्टची ग्र्यूने झोसे म्हणजे सात हिरव्या पाल्यांचा थंड सॉस: पार्सली, चाइव्ह, चेरव्हिल, सॉरेल, बोरेज, हळीवाच्या कुळातला क्रेस आणि पिंपिनेल. दही किंवा आंबट सायीत पाला बारीक चिरून घालतात आणि उकडलेली अंडी व बटाट्यांबरोबर वाढतात. २०१६ पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. तो खरा वसंतापासून शरदापर्यंतच घ्यावा. सोबत आप्फेलवाइन, सफरचंदाची आंबट वाइन. पहिला घोट सगळ्यांनाच तीव्र लागतो. सोडा मिसळून ‘झाउअर गेश्प्रिट्स्ट’ मागितली की सौम्य होते. झाक्सेनहाउझेन भागात हे सगळं मिळतं.

न्यूरेम्बर्गच्या भाजलेल्या सॉसेज बोटाएवढ्या, ७ ते ९ सेंटिमीटर लांब आणि २० ते २५ ग्रॅम वजनाच्या असतात. २००३ पासून त्यांनाही भौगोलिक संरक्षण आहे. त्या डुकराच्या मांसाच्याच करतात, मरवा घालून. रस्त्यावर ‘द्राय इम वेग्ला’ मागितलं की तीन सॉसेज पावात घालून देतात. उभ्याने खाण्यासाठी याहून चांगलं त्या शहरात काही नाही.

म्युनिकची वाइसवुर्स्ट म्हणजे पांढरी सॉसेज दुपारच्या बाराच्या आत खायची, अशी रीत आहे. ती गरम पाण्यात येते. साल खात नाहीत. उभी चीर देऊन आतला भाग काढून घेतात. सोबत गोड मोहरी आणि ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव. तिच्यात वासराचं मांस असतं. गोमांस न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण मेनूवर ते पुष्कळदा वेगळं लिहिलेलं नसतं. लेबरकेझेच्या नावात चीज असलं तरी तो मांसाचा भाजलेला ठोकळा आहे. ओबाट्सडा मात्र खरोखर चीजचं आहे: कामांबेर, लोणी, पाप्रिका, कांदा.

बिअरगार्टनबद्दल एक सोय पाहुण्यांना माहीत नसते. बव्हेरियात १९९९ च्या बिअरगार्टन नियमानुसार तिथे स्वतःचं खाणं आणता येतं, फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं. ज्या टेबलांवर कापड नाही, ती स्वयंसेवेची. तिथे चटकन पसरा: सकाळच्या बाजारातून आणलेला पाव, चीज, मुळा, चेरी. मित्रांच्या घोळक्यासाठी बव्हेरियातली याहून सुंदर बैठक सापडणार नाही, आणि शाकाहारी माणसाचीही गैरसोय होत नाही. दारू न पिणाऱ्यांनी आप्फेलशोर्ले मागावी, सफरचंदाचा रस आणि सोडा. कुणी आग्रह करत नाही. ‘प्रोस्ट’ म्हणताना मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांत बघा.

मित्र बर्लिनला असेल तर करीवुर्स्ट होणारच. हेर्टा हॉयवर यांनी ४ सप्टेंबर १९४९ ला ती पहिल्यांदा केली असं सांगतात. टोमॅटो सॉसवर करी पावडर, खाली सॉसेजचे तुकडे. आपल्या कुठल्याही रश्श्याशी तिचा संबंध जोडू नका, ती तिच्या जागी चांगली आहे. हॅम्बुर्गला फिशब्र्योट्शेन, म्हणजे पावात मुरवलेला हेरिंग, आणि दालचिनीचा फ्रांझब्र्योट्शेन. स्टुटगार्टकडे केझेश्पेट्सले: अंड्याच्या शेवया, वितळलेलं चीज, वर तळलेला कांदा. माउल्टाशेनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या पुड्यांत, पालक दिसला तरी आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या.

शाकाहार कुठे फसतो

मोठ्या शहरांत शाकाहारी आणि व्हीगन जेवण सहज मिळतं. फसगत होते ती गावातल्या जुन्या खाणावळीत, जिथे मुख्य पदार्थात मांस नसतं पण बाकी सगळ्यात असतं. दक्षिणेकडचा बटाट्याचा सॅलड मांसाच्या सूपमध्ये भिजवतात. परतलेल्या बटाट्यांत, आंबवलेल्या कोबीत, त्स्विबेलकूखन या कांद्याच्या केकमध्ये आणि फ्लामकूखन या पातळ भाजलेल्या पोळीवर श्पेक, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे पडतात. लाल कोबी हंसाच्या किंवा डुकराच्या चरबीत शिजवतात. काही बेकर ब्रेत्सेलच्या पिठातही चरबी घालतात. जेलीच्या गोळ्या आणि साईच्या थंड मिठाया जिलेटिनच्या. पावावरचं गुलाबी ‘मेट’ म्हणजे डुकराचा कच्चा खिमा. दिसायला गाजराच्या चटणीसारखा.

वेटरला ही वाक्यं म्हणा. फोनमध्ये लिहून दाखवलीत तरी चालेल:

- इष एसे काइन फ्लाइश, काइने वुर्स्ट, काइनेन श्पेक उंट काइनेन फिश. (मी मांस, सॉसेज, श्पेक आणि मासा खात नाही.)
- इस्ट डा श्पेक ओडर फ्लाइशब्र्यूहे ड्रिन? (यात श्पेक किंवा मांसाचं सूप आहे का?)
- ओने आय, बिटे. (अंड्याशिवाय द्या.)

मांस खाणाऱ्यांनी पाच शब्द लक्षात ठेवावेत: श्वाइन म्हणजे डुक्कर, रिंड गोमांस, काल्ब वासरू, हेन्शेन कोंबडी, पूटे टर्की. ‘गेमिश्टेस हाक’ हा गोमांस आणि डुकराचा मिश्र खिमा. ड्योनर, म्हणजे पावात मिळणारं तुर्की पद्धतीचं मांस, बहुधा वासराचं किंवा कोंबडीचं असतं, मागण्याआधी विचारा. ॲलर्जी असेल तर सांगा: १४ ठरावीक ॲलर्जी-घटकांची माहिती देणं उपाहारगृहांवर कायद्याने बंधनकारक आहे.

टेबल, पाणी, बिल

शुक्रवार-शनिवारी टेबल आधी राखून ठेवा. पुष्कळ स्वयंपाकघरं दुपारी २ ते साडेपाच बंद असतात आणि आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, पूर्ण सुट्टी. ‘श्टामटिश’ लिहिलेल्या टेबलावर बसू नका, ते नेहमीच्या मंडळींचं असतं. आठवड्याच्या दिवशी दुपारी ‘मिटाग्सटिश’ची, म्हणजे दुपारच्या खास जेवणाची पाटी दिसली तर आत जा, तोच स्वयंपाक बऱ्याच कमी दरात मिळतो.

पाणी फुकट टेबलावर येत नाही. नुसतं ‘वासर’ म्हटलं तर सोडा येईल. साधं हवं तर ‘श्टिलेस वासर’. घरातलं नळाचं पाणी बिनधास्त प्या. बिलाच्या वेळी वेटर विचारतो, ‘त्सुझामेन ओडर गेट्रेंट?’, एकत्र की वेगळं. तिथे आपापलं देणं हाच रिवाज आहे, त्यात दुरावा नाही. तुम्हाला मित्राला जेवू घालायचं असेल तर बसण्याआधीच ‘इष लाडे डिष आइन’ म्हणा. बिलावरून ओढाताण केली की ते अवघडतात. बक्षिशी ५ ते १० टक्के, आणि ती टेबलावर ठेवून उठायची नसते. बिल २७.४० युरोचं असेल तर नोट देताना किंवा कार्ड लावण्याआधी ‘ड्रायसिष’, तीस, असं म्हणायचं. लहान खाणावळी, बाजारातले ठेले कार्ड घेतीलच असं नाही. ‘कार्ड चालतं’ म्हणणाऱ्या ठिकाणीही कधी फक्त जर्मन बँकेचंच चालतं. खिशात शंभरेक युरो रोख असू द्या, लहान नोटांत.

त्यांच्या स्वयंपाकघरात

एक जेवण तुम्ही करा. पण खरेदी आधी बघून घ्या. मसुराची डाळ कुठल्याही सुपरमार्केटमध्ये ‘रोटे लिन्झेन’ नावाने मिळते आणि कुकरशिवाय १५ मिनिटांत शिजते. चार जणांसाठी २०० ग्रॅम डाळ, ८०० मिली पाणी, एक चमचा गोडा मसाला, गूळ नसेल तर तपकिरी साखर. बटाट्याच्या भाजीला ८०० ग्रॅम बटाटे, पाकिटावर ‘फेस्टकोखेंड’ लिहिलेले. ते फोडी धरून राहतात. ‘मेलिषकोखेंड’ पिठूळ असतात, ते घेतले तर भाजीचा लगदा होतो. कोथिंबीर म्हणून पार्सलीची जुडी उचलली जाते, दोन्ही सारख्या दिसतात. पान चुरडून वास घ्या. हिरवी मिरची, बेसन आणि कोथिंबीर तुर्की किंवा आशियाई दुकानात मिळेल.

फोडणीची गोष्ट गंभीर आहे. जर्मन घरांत धूर ओळखणारं यंत्र बसवणं सक्तीचं आहे आणि मोहरी-मिरचीच्या धुराने ते ओरडतं. खिडकी पूर्ण उघडा, स्वयंपाकघराचं दार बंद करा, पंखा लावा, आणि इंडक्शनवर नऊपैकी पाच-सहाच्या पुढे जाऊ नका. पातेलं लहान घ्या, झाकण हाताशी ठेवा. तिखट नेहमीच्या निम्मं. हिरवी मिरची वेगळी वाढा. हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, ग्लुटेन न चालणारं कुणी असेल तर तो वगळा. मोहरी आणि शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आदल्या दिवशी विचारा.

परतीच्या आधीचा शनिवार

विमान रविवारी किंवा सोमवारी सकाळी असेल तर खरेदी शनिवारीच आटपा. रविवारी मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळांवरचीच दुकानं उघडी असतात आणि तिथे दर चढे. न्यायला हलकं आणि टिकाऊ घ्या: गोड मोहरीची ट्यूब, राय धान्याच्या पावाचं बंद पाकीट, न्यूरेम्बर्गचे लेबकूखन म्हणजे मसाल्याचे गोड केक. त्यातही ‘एलिझेन’ लिहिलेले घ्या. त्यांत सुकामेवा किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के असावं लागतं. मोहरीची ट्यूब हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या नियमात अडकू शकते, ती मोठ्या बॅगेत टाका. बाटल्यांची अनामत शनिवारीच वसूल करा, कारण रविवारी ती यंत्रंही दुकानांबरोबर बंद असतात. मित्राने दिलेली चावी खिशात राहिलेली नाही ना, हे दार लावण्याआधी तपासा. इमारतीच्या मुख्य दाराची चावी हरवली तर कधी सगळ्या रहिवाशांची कुलपं बदलावी लागतात आणि तो खर्च शेकडो युरोंचा असतो.